क्रूसाभोवतीचं कडं

भुसावळ आमच्या फैजपूरहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिथल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कुंपणाची भिंत पावसात कोसळली आणि ती पुन्हा बांधायचं काम आमच्या अब्बांकडे आलं. अब्बा गवंडी. विटेचं काम करत, पण खरा हात बसलेला होता तो दगडावर. दिवाळीच्या सुटीत ते मला बरोबर नेत. मी पाणी आणून द्यायचं, ओळंब्याची दोरी धरायची आणि उरलेल्या वेळात थडग्यांमधून हिंडायचं.

तिथं नाना तऱ्हेचे क्रूस होते. पांढऱ्या संगमरवराचे, लोखंडाचे, काही नुसतेच सिमेंटचे. त्यांत एक काळ्या दगडाचा होता. त्याचा उभा दांडा आणि आडवा दांडा जिथं एकमेकांना छेदतात, तिथं दगडाचंच एक कडं होतं. बैलगाडीच्या चाकासारखं. क्रूसाचे चारही हात त्या कड्यातून बाहेर आलेले. मी अब्बांना विचारलं, "हे चाक कशाला?" अब्बांनी त्या कड्यावरून हात फिरवला, खालून बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "ये शोभा नहीं है बेटा, टेका है. हात लंबे हो गये तो टूटेंगे ना."

म्हणजे टेकू. दगडाचा आडवा हात लांब काढला की तो स्वतःच्या वजनानं मोडतो, म्हणून त्याला धरून ठेवणारं हे कडं. मला ते उत्तर फारसं आवडलं नव्हतं. मला वाटलं होतं, काहीतरी गूढ निघेल.

पुढं बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो. एका ग्रंथालयात जगातल्या शिल्पांचं एक जाडजूड पुस्तक चाळताना तोच क्रूस समोर आला. खाली लिहिलं होतं : केल्टिक क्रूस. आणि मजकुरात त्या कड्याची तीन-चार कारणं दिली होती. त्यांतलं एक अगदी अब्बांचं होतं. अब्बा तोवर गेले होते. सांगायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आज तुम्हांला सांगतो आहे.

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या भागांतल्या जुन्या लोकांना आणि त्यांच्या भाषांना केल्टिक म्हणतात. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पाचव्या शतकात रुजला. तिथं त्या काळी मोठी शहरं नव्हती. धर्म वाढला तो मठांमधून. या मठांच्या मोकळ्या आवारात आठव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत दगडाचे उंच क्रूस उभे राहिले. एक गोष्ट इथं ध्यानात घ्यायला हवी. हे जुने क्रूस कुणाच्या थडग्यावरचे नव्हते. ते मठाची हद्द सांगत, प्रार्थनेला जमण्याची जागा सांगत, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना धर्माच्या कथा सांगत.

आयर्लंडच्या लाउथ परगण्यात मोनॅस्टरबॉइस नावाचं ठिकाण आहे. तिथं म्यूरेडाखचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा वालुकाश्माचा क्रूस गेली अकराशे वर्षं उभा आहे. उंची अठरा फूट. शेजारी आणखी एक आहे, तो याहूनही उंच. म्यूरेडाखच्या क्रूसावर दोन्ही अंगांनी चौकटी कोरल्या आहेत. पूर्वेच्या बाजूला सर्वांत खाली आदम आणि हव्वा, त्यांच्या शेजारी भावाला मारणारा केन. त्याच्या वर दावीद आणि गोलिआथ. त्याच्या वर खडकावर काठी मारून तहानलेल्यांसाठी पाणी काढणारा मोशे. वर, बरोबर कड्याच्या मध्ये, अखेरच्या न्यायाचा दिवस. त्यात एक तराजू आहे. देवदूत माणसाचा आत्मा तोलतो आहे आणि खालून सैतान त्या तराजूला ढोसतो आहे.

हे वर्णन वाचताना मी थबकलो. आदम-हव्वा, दावीद म्हणजे आमचे हजरत दाऊद, मोशे म्हणजे मूसा. कयामतच्या दिवशीच्या तराजूला आमच्याकडे मीझान म्हणतात. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टी कुठल्या तरी दूरच्या बेटावर, पावसात भिजत, दगडावर उभ्या होत्या.

त्या क्रूसाच्या पायथ्याशी दोन मांजरं कोरली आहेत आणि त्यांच्याजवळ एक लेख आहे. हा क्रूस ज्यानं करवून घेतला त्या म्यूरेडाखसाठी प्रार्थना करा, एवढंच त्यात म्हटलं आहे. इ. स. ९२३ मध्ये वारलेला त्या मठाचा प्रमुख तो हाच, असं मानतात. घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव मात्र कुठं नाही. ते कुठंच नसतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपल्या गावोगाव वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभे केलेले दगड. त्यांवरही चौकटी असतात आणि त्याही खालून वर वाचायच्या असतात. खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांत तर वल्ह्यांच्या नावांची समुद्रावरची लढाई कोरली आहे. बहुतेक वीरगळांच्या वरच्या टोकाला चंद्र आणि सूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. अक्षर न येणाऱ्या माणसालाही तो कळत होता.

आता त्या कड्याकडे येऊ. त्याच्या जन्माची सर्वांत लोकप्रिय गोष्ट अशी : आयर्लंडचे लोक पूर्वी सूर्याची पूजा करत. संत पॅट्रिक तिथं धर्मप्रसाराला गेले, तेव्हा लोकांचं मन राखण्यासाठी त्यांनी क्रूसाभोवती सूर्याचं वर्तुळ काढलं. गोष्ट गोड आहे. पण पॅट्रिक पाचव्या शतकातले आणि कडं असलेले दगडी क्रूस दिसू लागतात आठव्या शतकात. मधल्या काळातला कुठलाच पुरावा या गोष्टीच्या बाजूनं नाही. ती मागाहून रचली गेली.

दुसरं कारण अभ्यासकांना जास्त पटतं. रोमन लोक विजयी वीराला पानांचं गोल कडं घालत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, तेव्हापासून ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरं अशा विजयाच्या हारात कोरायची पद्धत पडली. पुढं त्या अक्षरांच्या जागी क्रूस आला. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या जुन्या कापडांवरही हारातला क्रूस विणलेला सापडतो. म्हणजे मृत्यूच्या खुणेवर घातलेली ही विजयमाळ. हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. मुंबईत वांद्र्याला किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत गेलात तर गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतील. त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ असते. आपली माळ संध्याकाळी सुकते. त्यांची माळ दगडात राहिली, एवढाच फरक.

तिसरं कारण अब्बांचं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचं छोटं बेट आहे. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून तिथं गेले आणि त्यांनी मठ वसवला. तिथं आठव्या शतकात संत जॉनचा क्रूस उभारला गेला. कारागिराची हौस मोठी. त्यानं आडव्या हातांचा पसारा सात फुटांवर नेला. सुतार लाकडात खाच पाडून सांधे जोडतो तसे दगडाचे तुकडे जोडले. पण दगड म्हणजे लाकूड नव्हे. तो क्रूस मोडला. मग हात आणि दांडा यांच्या मधल्या चार कोनांत दगडाचे चार बाकदार तुकडे बसवून त्याला सावरलं गेलं, असं त्या क्रूसाचे सांधे तपासणारे अभ्यासक सांगतात. कडं असलेल्या क्रूसाची सुरुवात कदाचित तिथूनच झाली, असंही काहीजण म्हणतात.

या दोन कारणांत भांडण आहे असं मला वाटत नाही. गवंड्याला टेकू हवा होता आणि भाविकाला माळ दिसत होती. टिपेरारी परगण्यातल्या अहेनी गावचे क्रूस पाहिले तर त्यांवर दगडातच गोल फुगवटे कोरलेले आहेत, धातूच्या क्रूसावर रिव्हेट ठोकतात तसे. म्हणजे दगडाचं काम करणाऱ्यानं लोहार-सोनाराचं काम डोळ्यांसमोर ठेवलं होतं. एका कामात किती हात मिसळलेले असतात!

असाच एक मिसळलेला हात मला फार जवळचा वाटतो. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात बॅलिकॉटन इथं दलदलीत एक छोटा क्रूस सापडला. सोन्याचा मुलामा दिलेला, कपड्याला लावायचा. आठव्या-नवव्या शतकातला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या मधोमध काचेचा खडा बसवला आहे आणि त्या खड्यावर अरबी अक्षरं आहेत, कुफी वळणाची. काही जाणकार ती अक्षरं 'बिस्मिल्लाह' अशी वाचतात, काहींचं वाचन वेगळं आहे. बगदादची चांदीची नाणी तेव्हा व्यापाऱ्यांच्या हातून युरोपच्या उत्तर टोकापर्यंत पोचत होती. तसाच हा खडाही पोचला असणार. क्रूस घालणाऱ्याला ती अक्षरं वाचता येत होती का, कोण जाणे. त्याला तो खडा सुंदर वाटला आणि त्यानं तो छातीवर लावला. मला हे पुरेसं आहे.

मग हा क्रूस भुसावळपर्यंत आला कसा? बाराव्या शतकात आयर्लंडवर इंग्रजांचा अंमल सुरू झाला. मठ पुढं ओस पडले, क्रूस शेवाळले, काही पडले. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर रोग पडून तिथं दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. धान्य त्या काळातही जहाजांत भरून बाहेर जात होतं. आपल्याकडच्या इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळांची कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मोडून पडलेल्या माणसाला स्वतःची ओळख हवी असते. आयरिश लोकांनी आपले जुने दगड शोधून काढले. हेन्री ओनील या चित्रकारानं १८५७ मध्ये या जुन्या क्रूसांच्या चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. बघता बघता कड्याचा क्रूस आयरिशपणाची खूण झाला. डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत त्यांची रांगच लागली. मूळचा मठाच्या आवारातला क्रूस आता थडग्यावर आला. पुढं आयरिश आणि स्कॉटिश माणसं जिथं जिथं गेली, तिथं तोही गेला. १८६० नंतर भुसावळला रेल्वे आली, तिच्याबरोबर साहेब, ड्रायव्हर, फिटर आले. लष्करातही आयरिश शिपाई पुष्कळ. त्यांतली बरीच माणसं परत गेलीच नाहीत. मग ते कडं इतकं रूढ झालं की इंग्रजांच्या थडग्यांवरही दिसू लागलं. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांचीच खूण राज्य करणाऱ्यांच्या उशाशी आली.

कॅनडात ग्रोस आयल नावाचं बेट आहे. दुष्काळातून पळालेले आयरिश लोक जहाजातून तिथं उतरले आणि तापानं मेले. पाच हजारांहून अधिक माणसं त्या बेटावर पुरली आहेत. १९०९ मध्ये तिथं ४६ फूट उंचीचा केल्टिक क्रूस उभारला गेला. त्यावर तीन भाषांत लेख आहे. इंग्रजी लेख म्हणतो की श्रद्धेसाठी भूक आणि परदेशवास सोसणारे हे लोक इथं तापानं गेले. आयरिश भाषेतला लेख मात्र परक्या जुलमी सत्तेचे कायदे आणि माणसानं घडवलेला दुष्काळ यांना सरळ दोष देतो. दगड एक, माणसं तीच, आणि वाचणारा कोण त्यावर मजकूर ठरलेला!

खुणेच्या इतिहासात एक वाईट वळणही येतं. फ्रान्समध्ये १९४९ मध्ये सुरू झालेल्या एका अतिउजव्या संघटनेनं वर्तुळातला हा क्रूस आपलं चिन्ह म्हणून घेतला. वरची सगळी नक्षी, सगळ्या कथा काढून टाकल्या. राहिलं एक वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह, भिंतीवर दोन फटकाऱ्यांत काढता येईल असं. पुढं गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा टेंभा मिरवणाऱ्यांनी ते जगभर नेलं. जर्मनीत असं चिन्ह वापरणाऱ्या एका गटावर १९८२ मध्ये बंदी आली आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे साधं केलेलं चिन्ह जाहीरपणे मिरवणं हा सहसा गुन्हाच ठरेल. थडग्यावरच्या किंवा चर्चच्या आवारातल्या क्रूसाला अर्थातच ही बंदी लागू नाही. पण आज एखाद्या आयरिश आजोबांच्या गळ्यातला क्रूस पाहून युरोपातला एखादा काळा मुलगा बिचकला, तर चूक कुणाची म्हणायची?

आपल्या स्वस्तिकाचं असंच झालं. आमच्या शेजारच्या पाटलांच्या उंबऱ्यावर दर दिवाळीला काकू हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढत. त्या हाताला हिटलर ठाऊकही नव्हता. पण १९३५ पासून दहा वर्षं तेच वळण जर्मनीच्या झेंड्यावर होतं आणि ज्यांचे आईबाप छळछावणीत गेले त्यांना ते पाहून आजही धडकी भरते. चंद्रकोरीचंही तसंच. ती इस्लामची खूण म्हणून जगभर ओळखली जाते. पण कुराणात तसा काही आदेश नाही. इराण आणि बायझंटियमच्या जुन्या नाण्यांवर ती इस्लामच्या आधीपासून होती. तुर्कांच्या झेंड्यावरून ती सगळीकडे पसरली.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. अब्बांनी आमचं घर स्वतः बांधलं होतं. दाराच्या चौकटीवर, आपण जिला गणेशपट्टी म्हणतो तिथं, त्यांनी एक दगड बसवला आणि त्यावर चंद्र आणि सूर्य कोरले. आयुष्यभर लेवा पाटलांचे वाडे बांधले, त्यांच्या गणेशपट्ट्या बसवल्या, रानातले वीरगळ पाहिले. आपल्या घरालाही चंद्रसूर्य असावेत असं त्यांना वाटलं असणार. चाळीस वर्षं त्या दगडाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

काही वर्षांपूर्वी घर पडायला आलं म्हणून नव्यानं बांधायला काढलं. तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "मामू, हा दगड आता नको बसवायला. चांद बघून उगाच कुणी काही बोलेल. दिवस बरे नाहीत." दुसऱ्याच दिवशी लांबचे एक नातेवाईक आले, त्यांची हरकत उलटी. "चाँद ठीक है, मगर सूरज किसलिए?" एकाला चंद्र खुपत होता, एकाला सूर्य. दगड दोन महिने अंगणात उताणा पडून होता. मी कवी माणूस, चंद्रावर ढिगानं लिहिलेलं. पण खरं सांगतो, त्या दोन महिन्यांत माझीही हिंमत होत नव्हती. जाता-येता मी त्या दगडाकडे बघणं टाळायचो. एकदा तर त्यावर गोणपाट टाकलं.

शेजारचे पाटीलकाका तेव्हा ऐंशीच्या पुढचे. काठी टेकत आले, गोणपाट काठीनंच बाजूला सारलं आणि म्हणाले, "हे तर तुझ्या बापानं आमच्या ओट्यावर बसून कोरलेलं. चंद्रसूर्य आहेत. बसव ना भो वर, असा काय बघतो?" त्यांना त्या दगडात झेंडा दिसला नाही, धर्म दिसला नाही. त्यांच्या ओट्यावर बसून छिन्नी चालवणारा गवंडी दिसला.

दगड पुन्हा चौकटीवर बसवला. पुढं दोन वर्षांनी काका गेले. त्या दगडाचा अर्थ डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस गेला. तेव्हापासून घरी येणाऱ्या पोरांना मी स्वतःहून सांगतो : हे अब्बांनी कोरलं, पाटीलकाकांच्या ओट्यावर बसून, वीरगळावर पाहून. भाचाही आता पाहुण्यांना तेच सांगतो.

आमच्या गावाचं नाव १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनानं देशभर झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोसांनी त्या वेळी इथल्याच बांबू-लाकडातून सगळा मंडप सजवला होता. आता त्याची चित्रं पुस्तकात पाहावी लागतात. मंडप बांधायला ज्यांचे हात लागले ते गेले आणि त्यांना विचारायचं राहून गेलं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर, दर्ग्याच्या पायरीशी, चर्चच्या आवारात एखादा जुना दगड असेल. त्यावर काहीतरी कोरलेलं असेल. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्याजवळ घेऊन जा आणि विचारा, हे काय आहे? जे सांगतील ते एका वहीत लिहून ठेवा. ते इतिहासाला धरून असेल असं नाही. संत पॅट्रिकच्या सूर्यासारखी एखादी दंतकथाही निघेल. पण ती मायेनं सांगितलेली असेल. आपण सांगितलं नाही, तर त्या दगडाचा अर्थ दुसरा कुणी तरी ठरवतो, आणि तो नेहमीच मायेचा असतो असं नाही.

मध्यंतरी भुसावळला गेलो होतो. दफनभूमीची ती भिंत अजून उभी आहे. काळ्या दगडाच्या क्रूसावरचं नाव पार झिजलं आहे, वाचता येत नाही. कड्याचा एका बाजूचा तुकडा निसटला आहे. हात चारही शाबूत आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)